लेकीच्या पाठीचे सात एक्स-रे

माझ्या फोनमध्ये 'पाठ' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात लेकीच्या कण्याचे सात एक्स-रे आहेत, बाजूने काढलेला एक धरला तर आठ. पहिला ती नुकती बारा वर्षांची झाली होती तेव्हाचा, शेवटचा गेल्या महिन्यातला, आता ती साडेचौदाची आहे. तिला स्कोलिओसिस आहे, म्हणजे पाठीचा कणा एका बाजूला बाक घेऊन गेलाय. मधली अडीच वर्षं मी हे फोटो इतक्या वेळा झूम करून बघितलेत की तिचा एकेक मणका मला ओळखीचा झालाय. बऱ्याच जणी मेसेज करून विचारतात की तुमचं काय झालं होतं नक्की, आमच्या मुलीचा रिपोर्ट आलाय त्यात अमुक डिग्री लिहिलंय, म्हणजे किती वाईट? म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच टाकते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण चुका करून बरंच शिकले आहे, आणि त्यातल्या निम्म्या चुका तो एक्स-रे कसा बघायचा हे माहीत नसल्यामुळेच झाल्या.

सुरुवात अगदी साधी. न्हाऊन आली होती, ओले केस पुढे टाकून कमरेत वाकून टॉवेलने पुसत होती आणि मी मागे उभी होते. उजव्या बाजूची पाठ डावीपेक्षा वर आलेली. म्हणजे मधे कणा, त्याच्या एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला चक्क उंचवटा. मी म्हटलं सरळ उभी राहा बघू, तर काहीच नाही, नॉर्मल. परत वाकायला सांगितलं, परत तो उंचवटा. नंतर कळलं की डॉक्टर नेमकं हेच करायला लावतात, पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात खाली सोडून पुढे वाकायचं आणि मागून बघायचं. विल्यम अॅडम्स नावाच्या इंग्रज सर्जनच्या नावाने ही टेस्ट ओळखली जाते, १८६५ सालची, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या तीस वर्षं आधीची! आणि आजही पहिली टेस्ट हीच. खांदे वरखाली दिसणं, एक खवाटा जास्त बाहेर येणं, कमरेची एक बाजू आत गेलेली दिसणं ही बाकीची लक्षणं नंतर आम्हाला जुन्या फोटोंमध्ये सगळी सापडली, म्हणजे होतीच, आम्ही बघितली नव्हती. दुखत काहीच नव्हतं तिला. त्यामुळे लक्ष जाणार तरी कसं.

आता माझा पहिला मूर्खपणा. डॉक्टरकडे जायच्या आधी आपणच एक्स-रे काढून घेऊ, म्हणजे वेळ वाचेल, असं मला वाटलं. जवळच्या एका सेंटरला गेलो, त्यांनी तिला टेबलावर झोपवलं, एक्स-रे काढला, तासाभरात रिपोर्ट हातात. 'माइल्ड स्कोलिओसिस', बस, एवढंच, ना कुठल्या बाजूला ते, ना किती ते. मग मी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि बघितलं तर कणा डावीकडे बाक घेऊन गेलेला. रात्री शोधायला बसले. वाचता वाचता एका ठिकाणी सापडलं की मुलींमध्ये छातीच्या भागातला बाक बहुतेक वेळा उजवीकडे असतो, आणि डावीकडे असला तर मज्जारज्जूत काही गडबड आहे का ते बघायला एमआरआय करावा लागतो. झालं. त्या रात्री मी झोपले नाही, नवऱ्यालाही झोपू दिलं नाही.

दोन दिवसांनी स्पाइनच्या डॉक्टरांनी ती फिल्म लाइटबॉक्सवर लावली, एक सेकंद बघितली आणि उलटी करून परत लावली. मी बघतच राहिले. ते म्हणाले, "छातीचा एक्स-रे आपण पेशंट समोर उभा आहे असं समजून बघतो, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. कण्याचा आम्ही पाठीमागून बघतो, जसं तुम्ही तिची पाठ बघता तसं. हे हृदय बघा, आता डावीकडे आलं ना? मग बाक कुठे आहे?" उजवीकडे. दोन दिवस मी आरशातली पाठ बघून रडत होते म्हणायचं.

आणि मग दुसरं म्हणाले की हा एक्स-रे तसा उपयोगाचा नाही, कारण झोपवून काढलाय. झोपल्यावर शरीराचं वजन कण्यावर येत नाही त्यामुळे बाक कमी दिसतो. स्कोलिओसिसचा एक्स-रे उभं राहूनच काढायचा, आणि तुकड्यातुकड्यात नाही तर मानेपासून कमरेच्या हाडापर्यंत एकाच फ्रेममध्ये. म्हणजे पहिला एक्स-रे वाया, आणि ते रेडिएशनही वाया. हे मी एवढं सविस्तर सांगतेय कारण मला मेसेज करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींनी हेच केलेलं असतं. थांबा, आधी डॉक्टरला दाखवा, त्यांना कुठला एक्स-रे हवाय ते त्यांना लिहून देऊ दे.

आता हा प्रकार मुळात आहे काय. पाठीचा कणा मागून सरळ दिसायला हवा. बाजूने बघितलं तर त्याला वळणं असतातच, मान थोडी पुढे, पाठ थोडी मागे, कंबर परत पुढे, ते बरोबर आहे. स्कोलिओसिसमध्ये तो मागून बघितल्यावरही एका बाजूला जातो, कधी इंग्रजी सी सारखा कधी एस सारखा, पण खरी गंमत म्हणजे (गंमत कसली) तो नुसता बाजूला झुकत नाही, पिळला पण जातो. ओला कपडा पिळताना जसा वळतो ना तसं. प्रत्येक मणका थोडा थोडा फिरतो, आणि छातीतल्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात त्या पण त्याच्याबरोबर फिरतात, एका बाजूच्या बरगड्या मागे येतात. केस पुसताना मला जो उंचवटा दिसला तो त्या बरगड्यांचा. आणि एक्स-रे हा शेवटी सावलीचा फोटो, पीळ त्यात नीट येत नाही, बाजूला गेलेलं तेवढं दिसतं. म्हणून काही मुलींचे आकडे सारखे असतात पण पाठी दिसायला एकदम वेगळ्या असतात.

कशामुळे होतं? हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आणि विचारताना उत्तरही स्वतःच दिलं. दप्तराचं ओझं, मोबाईल बघत वाकडं बसणं, एका खांद्यावर बॅग, पोट करून झोपणं. सासूबाई तर सरळ म्हणाल्या की तू तिला लहानपणी एकाच कडेवर घ्यायचीस. यातलं काहीही नाही. दहा वर्षांपुढच्या मुलामुलींमध्ये जो सगळ्यात जास्त दिसतो त्याला इडिओपॅथिक म्हणतात, म्हणजे अमुक एका कारणामुळे झाला असं बोट दाखवता येत नाही असा. घराण्यात असला तर शक्यता वाढते एवढं खरं. शंभरात दोन-तीन मुलांना दहा डिग्रीच्या वरचा बाक असतो, आणि दहाच्या खाली असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. लहान बाक मुलांमध्ये आणि मुलींमध्ये जवळपास सारखेच सापडतात, पण तीस डिग्रीच्या पुढे गेलेले बघितले तर दहा मुलींमागे एखादा मुलगा. म्हणजे होतो दोघांना, वाढतो मुलींमध्ये.

बाकीचे प्रकार पण आहेत. जन्मतःच एखादा मणका अर्धाच तयार झालेला असतो, किंवा दोन मणके चिकटलेले असतात, किंवा स्नायूंच्या, नसांच्या आजारामुळे कणा धरून ठेवायची ताकद नसते. आणि एक प्रकार असा की एक पाय किंचित आखूड असतो म्हणून कणा वाकडा दिसतो, बसवलं की सरळ. एक्स-रे मुळात हे वेगळं करण्यासाठीच असतो आधी. डिग्री नंतर. डॉक्टरांनी आधी सगळे मणके मोजले, मानेचे सात, छातीचे बारा, कमरेचे पाच, प्रत्येकाचा आकार चौकोनी आहे का, कुठे पाचरीसारखा आहे का ते बघितलं, आणि मग पट्टी घेतली.

तर डिग्री. जॉन कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही जगभर हीच चालते. बाकाच्या वरच्या टोकाला जो मणका सगळ्यात जास्त कललेला दिसतो त्याच्या वरच्या कडेला लागून एक रेष काढायची, खालच्या टोकाचा जो सगळ्यात जास्त कललेला त्याच्या खालच्या कडेला लागून दुसरी रेष, आणि दोन रेषांमधला कोन मोजायचा. शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक चालतो, मी करून बघितलंय. उभं राहून काढलेला पहिला एक्स-रे घरी आणला तेव्हा रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टवर २४ डिग्री लिहिलं होतं, डॉक्टरांनी २१ मोजले, आणि मी डायनिंग टेबलावर बसून मोजले तर २६ आले. एकच फिल्म, एकच मुलगी.

मला वाटलं कुणीतरी चुकतंय. तसं नव्हतं. कुठला मणका 'सगळ्यात जास्त कललेला' हे प्रत्येकाला थोडं वेगळं वाटू शकतं, मणक्याची कड कधी धूसर असते, रेष एक केसभर इकडेतिकडे झाली की डिग्री-दोन डिग्री बदलते. सरावलेल्या हातांमध्येही तीन ते पाच डिग्रीचा फरक पडतो म्हणे. त्यात भर म्हणजे दिवसभर उभं-बसून राहिल्यावर संध्याकाळी बाक सकाळपेक्षा काही डिग्री जास्त येऊ शकतो. त्यामुळे दोन एक्स-रेंमध्ये पाचपेक्षा जास्त फरक असला तरच बाक वाढला म्हणायचं, त्याच्या आत असला तर तो मोजण्याचा फरक समजायचा. डॉक्टरांनी फिल्मवर कुठले दोन मणके धरले ते पेनाने लिहून ठेवलं आणि म्हणाले पुढच्या वेळी हेच दोन धरायचे, याच मशीनवर यायचं. हे त्यांनी लिहून ठेवलं ते फार बरं झालं, कारण चार महिन्यांनी मला त्याच्याशी भांडायचं होतं.

चार महिन्यांनी २७ आले.

मी लगेच सुरू, की मोजण्यातला फरक असेल, मागच्या वेळी सकाळी काढला होता आज संध्याकाळी काढलाय, तुम्हीच सांगितलं होतंत ना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बरोबर बोलताय. पण मणके तेच, मशीन तेच, मोजणारा मीच आणि फरक सहाचा. आणि हिची उंची बघा." चार महिन्यांत साडेतीन सेंटीमीटर वाढली होती ती. एवढी उंची वाढत असताना मी संध्याकाळ की सकाळ यावर वाद घालत बसणार नाही असं म्हणाले. चार महिने मी आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही हे शिकत होते आणि आता ठेवायची वेळ आली होती.

उंचीवरून आठवलं, एक्स-रेमध्ये एक गोष्ट असते जिच्याकडे आमच्यासारख्यांचं लक्षच जात नाही कारण ती कण्यात नसते, खाली कोपऱ्यात असते. कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की हाताला जे हाड लागतं त्याच्या वरच्या कडेला वाढीच्या वयात एक वेगळी पातळ टोपीसारखी पट्टी तयार व्हायला लागते. बाहेरून सुरू होते आणि हळूहळू आत कण्याच्या दिशेने सरकते आणि शेवटी हाडाला जुळून जाते. जोसेफ रिसर नावाच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये त्यावरून शून्य ते पाच अशा पायऱ्या पाडल्या. शून्य म्हणजे अजून पट्टी उगवलीच नाही, वाढ भरपूर बाकी. पाच म्हणजे संपलं. माझ्या लेकीचं शून्य होतं, पाळीही आली नव्हती. मुलींची उंची सगळ्यात भराभर वाढते ती साधारण पाळी यायच्या आधीच्या सहा महिने ते वर्षभरात, आणि बाक पण तेव्हाच पळतो.

हे किती महत्त्वाचं आहे ते एका जुन्या, १९८४ च्या अभ्यासातल्या आकड्यांवरून मला कळलं. बाक २० ते २९ डिग्री आणि रिसर शून्य किंवा एक असेल तर शंभरातल्या ६८ जणांचा वाढला. तेवढाच बाक, पण रिसर दोन ते चार असेल तर २३ जणांचा. आणि बाक वीसच्या आत आणि रिसर पुढे गेलेला असेल तर शंभरात दोन पण नाहीत. म्हणून मला जेव्हा कुणी विचारतं की पंचवीस डिग्री म्हणजे किती वाईट, तेव्हा मी उलटा प्रश्न विचारते, वय किती, पाळी आली का, रिसर किती लिहिलंय? सोळा वर्षांच्या मुलीचे पंचवीस आणि अकरा वर्षांच्या मुलीचे पंचवीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही डॉक्टर डाव्या हाताचा पण एक्स-रे काढतात, बोटांच्या हाडांवरून वाढ किती राहिली ते अजून बारकाईने कळतं.

रेडिएशनबद्दल आता. हा माझा दुसरा रात्र जागवणारा विषय. इंटरनेटवर शोधलं की एक अमेरिकन अभ्यास समोर येतोच, २००० साली छापलेला, साडेपाच हजारांवर स्त्रिया, लहानपणी स्कोलिओसिस होता म्हणून प्रत्येकीचे सरासरी पंचवीसच्या आसपास एक्स-रे काढलेले, आणि त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जवळपास ७० टक्क्यांनी जास्त. हे रात्री तीन वाजता वाचलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी सकाळी नवऱ्याला म्हटलं, आता एकही एक्स-रे नाही. तो म्हणाला अगं आधी पूर्ण तर वाच.

वाचलं तर कळलं की त्या सगळ्या मुलींचं निदान १९१२ ते १९६५ मधलं. तेव्हाची मशीन, तेव्हाच्या फिल्म, प्रत्येक वेळी कितीतरी जास्त रेडिएशन, आणि मुलीला छाती मशीनच्या नळीकडे करून उभं करायचे. वयात येणाऱ्या मुलीच्या स्तनांवर ते थेट यायचं. आता पाठ नळीकडे आणि छाती समोरच्या प्लेटला टेकवून उभं करतात, किरण पाठीतून आत शिरतात आणि छातीपर्यंत पोचेपर्यंत बरेचसे शरीरातच जिरलेले असतात, त्यामुळे स्तनांना मिळणारा डोस कितीतरी पटींनी कमी होतो. डिजिटल प्लेटला मुळात रेडिएशनही कमी लागतं. म्हणून एक गोष्ट मी प्रत्येक वेळी विचारते आणि तुम्ही पण विचारा, लाजू नका, टेक्निशियनला सरळ विचारायचं की तोंड प्लेटकडे ना? एकदा एका नव्या मुलाने तिला उलटं उभं केलं होतं, मी विचारलं तर जीभ चावली त्याने आणि फिरवलं.

आणखी एक मशीन असतं, ईओएस नावाचं, मोठ्या उघड्या केबिनसारखं. पेशंट आत उभा राहतो आणि समोरून आणि बाजूने असे दोन्ही फोटो एकदम, वरून खाली स्कॅन होत येतात, डोस साध्या एक्स-रेपेक्षा बराच कमी. यातला डिटेक्टर जॉर्जेस शार्पाक यांच्या कामातून आला, त्यांना १९९२ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं ते अणूच्या आतले कण पकडणाऱ्या डिटेक्टरसाठी. कुठे ते कण आणि कुठे माझ्या लेकीचा कणा, पण मला हे फार आवडलं. दोन्ही बाजूंचे फोटो एकाच क्षणाचे असल्यामुळे कॉम्प्युटर त्यावरून कण्याचं थ्रीडी मॉडेल बनवतो आणि मग तो पीळ पण मोजता येतो. आम्हाला ते नंतर मिळालं, शेवटचे दोन एक्स-रे त्यातले आहेत. सगळीकडे नसतं ते, नसेल तर साध्या मशीनवर नीट उभं करून काढलेला एक्स-रेही पुरतो.

आणि प्रत्येक भेटीला एक्स-रे लागतोच असं नाही. मधल्या भेटींमध्ये डॉक्टर नुसतं तिला वाकवून पाठीवर स्कोलिओमीटर ठेवतात, गवंड्याच्या लेव्हलसारखी पट्टी असते, मधे नळीत एक गोळी, ती किती सरकते त्यावरून पाठीचा पीळ कळतो. पाच ते सातच्या पुढे गेली की एक्स-रेचा विचार करायचा. हा आकडा आणि कॉबचा आकडा वेगळे आहेत, एकमेकांत मिसळू नका. मी मिसळले होते, सात ऐकून मला वाटलं बाक सातवर आला, पेढे वाटायचीच बाकी होते.

एमआरआयचं पण सांगते कारण दीर मागेच लागले होते, की एकदा सगळं करून टाका ना, डोक्याला ताप नको. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं हे खरं, पण तो झोपवून काढतात, त्यामुळे बाक किती हे त्यात कळत नाही. तो काढतात मज्जारज्जू बघायला, त्यात पाणी साठून पोकळी झालीये का, मेंदूचा खालचा भाग मानेत उतरलाय का, रज्जू खाली कुठे अडकून ताणला गेलाय का. दहा वर्षांच्या आत सुरू झालेला, फार भराभर वाढणारा, खरोखर डावीकडे असलेला (माझ्यासारखा खिडकीच्या काचेवरचा डावीकडचा नव्हे), रात्री झोपमोड करणारं दुखणं, पायात अशक्तपणा, यातलं काही असेल तर तो करायलाच हवा. आमच्या डॉक्टरांनी बोथट टोकाने तिच्या पोटावर बेंबीच्या चारी बाजूंनी हलकेच रेघा ओढल्या, ती खिदळायला लागली, पोट दोन्ही बाजूंनी सारखं आकसलं. म्हणाले, नको एमआरआय. सीटी स्कॅन तर आम्हाला कुणी सांगितलाच नाही. जन्मजात मणक्याचा दोष असेल किंवा ऑपरेशनची आखणी करायची असेल तर तो लागतो, हाड त्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं पण रेडिएशनही भरपूर.

सीटीवरून एक अवांतर. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, १४८५ मध्ये लढाईत मेला, त्याला पुढे कुबडा, वेडावाकडा राक्षस म्हणूनच रंगवलं गेलं. २०१२ मध्ये लेस्टरमध्ये एका कार पार्कखाली त्याचा सांगाडा सापडला. मणक्यांचं सीटी स्कॅन करून, प्रत्येकाची प्रतिकृती छापून कणा परत जुळवला तर काय निघालं, स्कोलिओसिस, उजवीकडेच, ६५ डिग्रीच्या वर. पण बाक तोललेला होता, एक खांदा जरा वर दिसला असेल आणि कपड्यांत झाकून गेलं असेल असं अभ्यासकांचं म्हणणं. हे मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "पाचशे वर्षांनी माझा सापडला तर ब्रेस पण सापडेल का?" (ब्रेस म्हणजे बाक वाढू नये म्हणून ती अंगावर घालते तो प्लॅस्टिकचा साचा, त्याचं पुढे सांगतेच.) तिला उसेन बोल्टला पण स्कोलिओसिस आहे हे कळल्यावर मात्र जरा बरं वाटलं होतं, राजापेक्षा तो जास्त कामाचा.

तर २७ नंतर ब्रेस आला. प्लॅस्टिकचा, काखेपासून कमरेखालपर्यंत, आतून जिथे दाबायचं तिथे पॅड. ब्रेस बाक सरळ करत नाही, वाढायचा थांबवतो, हे पहिल्याच दिवशी नीट समजून घ्या नाहीतर प्रत्येक एक्स-रेला निराशा होते. २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, त्यात ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलं वाढ संपेपर्यंत पन्नास डिग्रीच्या आत राहिली, न घालणाऱ्यांपैकी ४८ टक्के, आणि फरक इतका स्पष्ट दिसायला लागला की अभ्यास वेळेआधीच थांबवला. म्हणजे न घालता पण जवळपास निम्म्यांचं ठीक होतं हेही त्यातच आहे, आणि हे वाक्य माझ्या लेकीने बरोबर शोधून काढलं आणि महिनाभर माझ्याशी भांडायला वापरलं. ब्रेसमध्ये तापमान टिपणारी छोटी चिप होती त्या अभ्यासात, त्यामुळे कोण खरंच घालतंय ते कळायचं. दिवसाला तेरा तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर यशस्वी. आमच्याही ब्रेसमध्ये तशी चिप आहे. सांगितलेले अठरा तास, तिचे भरतात सरासरी पंधरा. मी कटकट करणं एक वर्षाने सोडलं.

ब्रेस आल्यावर दीड महिन्याने तो घालून एक एक्स-रे काढला, तो फोल्डरमधला चौथा. बघितलं तर १४! मी आनंदाने ओरडलेच. डॉक्टर म्हणाले हा आकडा मुलीचा नाही, ब्रेसचा आहे. तो नीट बसलाय का, निम्म्याच्या आसपास दाबला जातोय का ते बघायला काढलाय, काढून ठेवला की परत होता तिथे जाणार. पुढचे सगळे एक्स-रे आदल्या दिवसापासून ब्रेस काढून ठेवून काढलेले. २६. मग २९. मग गेल्या महिन्यात २८.

एकोणतीस आले तेव्हा नवरा घाबरला. आधीच्यापेक्षा तीन जास्त आहेत म्हणाला. मी म्हटलं अरे काही नाही, तीन म्हणजे फरक नाहीच, आणि त्या रात्री मी झोपले, तो जागा.

ऑपरेशनचा विषय साधारण ४५-५० डिग्रीच्या पुढे निघतो. कारण पन्नासच्या वरचा बाक वाढ संपल्यावरही वर्षाला साधारण एक डिग्रीच्या वेगाने वाढत राहू शकतो, आणि तीसच्या आत वाढ संपली तर बहुधा तो तिथेच राहतो. आम्ही त्या तीसच्या काठावर बसलोय. गेल्या महिन्यातल्या एक्स-रेत कमरेच्या हाडावरची ती पट्टी पार आतपर्यंत सरकलेली दिसली, फक्त जुळायची बाकी, रिसर चार. डॉक्टरांनी दाखवायच्या आधीच लेकीने स्क्रीनवर बोट ठेवलं, "हे बघ आई, आली." मला दिसायच्या आधी तिला दिसलं. उंची पण सहा महिन्यांत अर्धा सेंटीमीटरच वाढलीये.

आता ब्रेसचे तास हळूहळू कमी करायचे आहेत, आधी फक्त रात्री, मग बंद. पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी, सकाळचा, त्याच मशीनवर. तोपर्यंत फोल्डर उघडायचं नाही असं तिने मला बजावलंय, पण हे लिहिताना चारदा उघडलं.